एकाच सळईवरचे तीन पट्टे

पोलादातून विजेचे पल्स सोडत टर्निंग (लेथवर फिरवत कापणं) केलं तर ते सोपं कापतं, हा एम.टेक.चा विषय सरांनी दिला तेव्हा मला वाटलं होतं, पल्स देणारा सप्लाय जमला की झालं. खरी अडचण निघाली जॉबला, म्हणजे कापायच्या सळईला, लेथपासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवण्याची. प्रवाह सळई धरणाऱ्या चकमधून स्पिंडलमध्ये (चक फिरवणाऱ्या दांड्यात) शिरला तर बेअरिंगला खड्डे पडतात, आणि लेथ होता भोसरीतल्या एका छोट्या शॉपचा, मालकांनी विश्वासाने दिलेला.

ईएन-8 या मध्यम कार्बन पोलादाची 20 मि.मी. सळई हायलमच्या (वीज न वाहणाऱ्या कडक शीटच्या) बुशमध्ये घालून चकमध्ये धरली, टेलस्टॉकच्या, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या, बाजूलाही तसंच केलं. दोन्ही टोकांना कार्बन ब्रश टेकवले. पल्स 200 मायक्रोसेकंदांचा, सेकंदाला 300. मल्टिमीटरने तपासलं, सळई आणि लेथचा बेड यांत कुठे जोड नव्हता. तरी पहिल्याच कटला ठिणग्या उडाल्या. लेथवरच्या मामांनी झटकन मशीन बंद केली आणि चकजवळ बोट दाखवलं. लांबलचक निळसर चिप (कापून निघालेला कीस) सळईभोवती गुंडाळत हायलम ओलांडून चकच्या जबड्याला टेकली होती. इन्सर्टच्या (टूलच्या कापणाऱ्या टोकाच्या) धारेवर भिंगाखाली बारीक खळगा दिसला. मग चिपचे तुकडे पाडणारी, चिप ब्रेकरवाली इन्सर्ट आणली, जबड्यांपुढे हायलमची रुंद चकती बसवली.

तीन पट्टे एकाच कटमध्ये घ्यायचे, हे मामांनी सुचवलं: पल्स बंद, चालू, पुन्हा बंद. सळई तीच, धार तीच. 800 आरपीएम, फीड दर फेऱ्याला 0.1 मि.मी., कटची खोली अर्धा मि.मी. 40 मि.मी.चा पट्टा अर्ध्या मिनिटात होतो, आणि त्यात प्रवाह प्रत्यक्ष वाहतो तो दोन सेकंदांहूनही कमी! पोलाद चुंबकीय असल्याने असा प्रवाह पृष्ठभागालगत दाटतो, आणि टूल कापतं तेही तिथंच.

कडेचे पट्टे फाटल्यासारखे, मळकट आले. मधला उजळ. मामांनी डोळे मिटून नख फिरवलं आणि मधल्यावर थांबले. "बाळ, हा."

सर मात्र खूश झाले नाहीत. "सळई तापली म्हणून नाही कशावरून?" सोव्हिएत संघात ट्रॉइत्स्की आणि लिख्तमान यांनी 1963 साली जस्ताच्या स्फटिकांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून हा मऊपणा दाखवला, तेव्हापासूनचा वाद हाच: इलेक्ट्रॉनांचा धक्का की नुसती उष्णता? सरांचं बरोबर होतं, आणि मी तापमान नीट घेतलंच नव्हतं. इन्फ्रारेड गन चकचकीत पोलादावर कमी आकडा दाखवते. मग कट थांबताच थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टेकवून मोजलं, दुसरी सळई ओव्हनमध्ये तेवढीच तापवली आणि पल्सविना कापली.

तो पट्टा थंड सळईपेक्षा बरा आला, पण पल्सइतका नाही. म्हणजे उष्णतेचा वाटा आहे, आणि तिच्यापलीकडेही काही उरतं. ओव्हनमधून काढून कापेपर्यंत ही सळई थोडी निवते, म्हणून आता ती लेथवरच तापवून पुन्हा कापायची आहे. हायलमचे नवे बुश मामांनी कालच काढून ठेवलेत.