गुरुवारचा रकाना

डायलिसिसच्या पेशंटला आम्ही आधी वारानं ओळखतो, नाव मागाहून पाठ होतं. काकू मंगळ-गुरू-शनीच्या. सकाळी सातची शिफ्ट, मशीन नंबर चार. पाटणच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून पहाटेची एसटी धरून काकू आणि काका दोघं कराडला यायची. उपचार योजनेत बसत होते, पण आठवड्यातून तीन पहाटा कुठल्याच योजनेत बसत नाहीत. लॉकडाउनमध्ये एसटी बंद झाली तेव्हा भाच्याच्या छोट्या हत्तीत, पुढे कागद चिकटवून आली. सहा वर्षांत डायलिसिसची एकही पाळी चुकली नाही. हिशोब केला तर नऊशेच्या वर पाळ्या होतात.

काका एसटीचे रिटायर कंडक्टर. किडनी द्यायला तयार होते, पण साखर निघाली आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं. त्यानंतर त्यांनी दुसरं काम हाती घेतलं: पाण्याचा हिशोब.

लघवी पुरती बंद झालेल्या माणसाला दिवसाला अर्धा लिटर, फार तर थोडं वर, एवढंच चालतं. चहा, आमटी, ताक, गोळी गिळायचा घोट, सगळं त्यातच. पोटात गेलेला लिटर काट्यावर किलो होऊन दिसतो आणि तो चार तासांत मशीननं ओढून काढावा लागतो. दोन-सव्वादोन निघतात बिनबोभाट. कुणी चार किलो चढवून आला, की मध्येच बीपी कोसळतं, पायात गोळे येतात, माणूस ओरडतो. हे सगळं ठाऊक असूनही पेशंट पितात, आणि मी त्यांना रागावते. एका मे महिन्यात मी स्वतः अर्ध्या लिटरवर दिवस काढून बघायचं ठरवलं. दुपारी चारला हरले. तेव्हापासून रागावते, पण जरा कमी.

काकू कधी चढवून आल्या नाहीत. घरी एक स्टीलचं फुलपात्र होतं, त्यावर काकांनी खिळ्यानं रेघा ओढल्या होत्या. लोणचं बंद, पापड बंद, कारण मीठ गेलं की तहान आलीच. आणि त्यांनी स्वतः तिच्यासमोर पाणी पिणं सोडलं. हे मला काकूंनीच सांगितलं, सुया लागलेला हात न हलवता, हसत हसत. “आमचं म्हातारं न्हाणीच्या मागं जाऊन पाणी पितंय, चोरून. मला काय तांब्याचा आवाज येत न्हाई व्हय?”

“मग सांगत का नाही?”

“असू दे की. त्येला वाटतंय मला कळत न्हाई.”

सकाळी उठल्या उठल्या ते दोन बोटं तिच्या डाव्या मनगटाच्या वर ठेवायचे. फिस्टुला म्हणजे शीर आणि धमनी शिवून केलेला जोड. तो चालू असला की कातडीखाली घरघर लागते, मांजर कुशीत झोपल्यासारखी. घरघर थांबली की रक्ताची गुठळी झाली समजायचं आणि धावत सुटायचं. बोटांना घरघर लागली की काका म्हणायचे, “इंजिन चालू हाय,” आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या रकान्यात बारीकशी खूण. डायलिसिसच्या दिवशी त्याच रकान्यात दोन आकडे: मशीनवर चढतानाचं वजन, उतरतानाचं वजन. चढणं-उतरणं हे शब्द आमचेही तेच आणि एसटीचेही तेच, त्यामुळे त्यांना शिकवावं लागलं नाही.

जुलै २०२३ मध्ये, शुक्रवारी रात्री, झोपेतच काकू गेल्या. शनिवारी सकाळी भाच्याचा फोन आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी चार नंबरवर नवा पेशंट चढला. आमच्याकडे मशीन रिकामं राहत नाही, यादी लांब असते. मला त्या दिवशी चादर बदलायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, एवढंच.

महिनाभरानं, शनिवारीच, पावणेसातला दार उघडलं तर बाकावर काका. इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. क्षणभर माझीही नजर त्यांच्या शेजारी काकूंना शोधून आली.

पिशवीतून त्यांनी घरचा वजनकाटा काढला. “कुणाला लागत असंल तर द्या. चांगला हाय, शंभर ग्रॅमचाबी फरक दावतो.” मग उरलेल्या पट्ट्या, चिकटपट्टीचं न फोडलेलं भेंडोळं. फुलपात्र नव्हतं त्यात, मीही विचारलं नाही. शेवटी गुंडाळलेलं कालनिर्णय. जुलैचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. शेवटच्या गुरुवारी एकच आकडा होता, ४३.८.

“उतरतानाचं लिहायचं ऱ्हायलं, ताई. घरी गेल्यावर तिला भरवण्यात ध्यान न्हाई ऱ्हायलं. तुमच्या फाइलीत असंल न्हवं?”

फाइल होती. अक्षर माझंच. ४१.६. मी आकडा सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. त्या दिवशी काकूंना उभंच राहता येत नव्हतं. काट्यावर घेतलंच नव्हतं आम्ही. मशीननं दोन किलो दोनशे काढले होते, मी वजाबाकी करून रकाना भरला होता. करतात असं, गर्दीच्या सकाळी. करू नये. बाकी कुणी विचारलं असतं तर मी आकडा सांगून मोकळी झाले असते.

“काका, त्या दिवशी वजन घेतलं नव्हतं. मी हिशोबानं लिहिलंय.”

ते पानाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. आयुष्यभर तिकिटाला तिकीट जुळवलेला माणूस.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. “मीच धरली हुती की तिला. खुर्चीत बसवताना अंगावर रेलली हुती सगळी.” मग थोड्या वेळानं, “मला वाटलं, तुम्ही कधी घेतलं असंल, माझ्या ध्यानात नसंल.”

“हिशोबानं ४१.६ येतं. लिहू का?”

“नगं. मोकळंच ऱ्हाऊ दे.”

शुक्रवारच्या रकान्यात खूण होती. शनिवारच्याही होती. मी त्या खुणेवर बोट ठेवलं तर त्यांनी पान हळूच ओढून घेतलं आणि गुंडाळायला लागले. “ती सवयीनं झाली. बोटं ठेवली आन् मग कळलं.”

आत सातची शिफ्ट चढायला लागली होती. चार नंबरवरचा मुलगा मला हाका मारत होता. काकांना कुठं बसवावं कळेना, म्हणून ग्लासभर पाणी आणून हातात दिलं. पहाटे निघालेले, घसा कोरडा पडलेला दिसत होता. त्यांनी ग्लास घेतला, आतल्या खाटांकडे एकदा पाहिलं, उठले, दाराबाहेर जाऊन जिन्याकडे पाठ वळवून उभे राहिले आणि तिथं पाणी प्यायले. ग्लास पालथा करून बाकावर ठेवला आणि आठच्या गाडीसाठी निघून गेले.