किराण्याच्या वरची ओळ

आमच्या महिन्याच्या हिशेबात ‘प्रवास’ ही ओळ घरभाडं आणि विम्याच्या हप्त्याच्या लगेच खाली येते. किराणा त्याच्याही खाली. एकदा थोरल्या जाऊबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे आधी फिरायचं, मग खायचं?” तसं नाही हो. किराण्याची काळजी करावी लागत नाही, तो आपली जागा आपणच करून घेतो. प्रवासाला मात्र कुणी वाली नसतो. “उरले तर जाऊ” म्हणायचं, की त्या वर्षी काही उरत नाही!

म्हणून पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाते. त्या खात्याचं कार्ड आम्ही घेतलेलंच नाही. रकमेचं गणित सोपं आहे: सहलीचा अंदाजे खर्च, त्यावर 10 ते 15 टक्के वरखर्चाला, आणि हाती असलेल्या महिन्यांनी भागायचं. येणारा आकडा झेपत नसेल तर ठिकाण बदलायचं किंवा तारीख पुढे ढकलायची. आजारपणाचे पैसे मात्र याहून वेगळे हवेत, नाहीतर अडीअडचणीला पहिला हात याच खात्याला लागतो.

कर्ज काढून फिरण्याबद्दल लोक फार घाबरवतात. वार्षिक 12 टक्के दराने घेतलेलं कर्ज 12 समान हप्त्यांत फेडलं, तर मूळ रकमेच्या साडेसहा टक्क्यांहून थोडं जास्त व्याज जातं. आभाळ कोसळत नाही. मला खटकतं ते वेगळंच. ज्या महिन्यांत पुढच्या सहलीचे पैसे साठायचे, त्या महिन्यांत आपण मागची फेडत बसतो. मग पुढच्या वेळीही कर्जच.

खर्च कुठे वाचतो यावर मात्र आमच्याकडे जुना वाद आहे. नवऱ्याला शनिवार-रविवारच्या छोट्या सहली आवडतात. माझं म्हणणं, पाच माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं दोन दिवस राहा की आठ दिवस, तेवढंच पडतं. वाढतो तो फक्त राहण्याचा आणि खाण्याचा खर्च, आणि स्वयंपाकघर असलेली जागा घेतली तर तोही आटोक्यात राहतो. तीन छोट्या सहलींत आपण तीनदा भाडं भरतो आणि दर खेपेला अर्धा वेळ सामान भरण्या-उपसण्यात घालवतो. त्याला हे हिशेबाने पटतं, मनाने नाही. तेव्हा वर्षात एक लांबची सहल माझी आणि एखादी जवळची त्याची, असा तह झाला आहे.

मुलांची वयं हा हिशेबातला लबाड भाग. विमानात 2 वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जातं. पण वय धरतात ते प्रवासाच्या तारखेचं, तिकीट काढल्याच्या तारखेचं नव्हे. नणंदेच्या बाळाचा दुसरा वाढदिवस नेमका सहलीच्या मधोमध आला. जाताना मांडीवर, येताना स्वतःची सीट, तीही पैसे मोजून. 12 पूर्ण झाल्यावर तर मूल विमान कंपनीच्या लेखी मोठं माणूसच. त्याआधी काही कंपन्या भाड्यात सवलत देतात. स्वस्त म्हणवणाऱ्या बऱ्याच कंपन्या तीही देत नाहीत.

हे पैसे येतात कुठून, असं विचाराल तर आमचा सोफा बघा. त्याचा उजवा हात उसवलाय, आतला स्पंज दिसतो. पाहुणे आले की मी तिथे उशी टेकवून ठेवते. नवा सोफा घ्यायचा की सहल, हा प्रश्न आम्ही मुलांसमोरच मांडला होता. मुलाने कागदावर दोन रकाने आखले, सोफ्याच्या बाजूला ‘बसणे’ एवढंच लिहिलं आणि पेन ठेवून दिलं. फोनच्या बाबतीत त्याचा रकाना इतका आखूड नव्हता, पण तोही एक वर्ष थांबायला तयार झाला. आकडे मुलांसमोर असले की हट्ट कमी होतो असं नाही, पण हट्टाला निदान रक्कम माहीत असते.

सासूबाई बरोबर असल्या की खर्च वाढतो. लिफ्ट असलेली जागा लागते, एका दिवसाचा प्रवास दोन दिवसांत करावा लागतो. त्या आपल्या पेन्शनमधून वाटा देतात. आधी आम्ही नको नको म्हणायचो. आता मुकाट्याने घेतो, कारण पैसे दिल्यापासून त्या कार्यक्रमातही बोलतात, “दुपारी मला दोन तास पडायला मिळालं पाहिजे” असं ठणकावून सांगतात आणि ते सगळ्यांच्याच सोयीचं पडतं.

पुढच्या सहलीचं ठिकाण अजून ठरायचंय. मुलाला समुद्र हवा, सासूबाईंना पायऱ्या नकोत. धाकटीला यंदा 12 पूर्ण होतील, तेव्हा सवलत मिळणार असेल तर वाढदिवसाच्या आधीच्या तारखा बघायला हव्यात. नवऱ्याने मात्र एक जवळचं ठिकाण आताच शोधून ठेवलंय, शनिवार-रविवारचं.