पापडाएवढं लाल बटण

डिसेंबरात ठाण्याला आले तेव्हा माझ्या बॅगेत मेपल सिरप, धाकट्या बहिणीसाठी गरम मोजे आणि छोट्या पापडाएवढं एक लाल बटण होतं. विमानतळावरच्या माणसाने ते दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. "मॅडम, ये क्या है?" मी दाबून दाखवलं. आतून माझाच आवाज आला, "मला भूक लागली." त्याने बॅग पुढे ढकलली.

नवीन वाचकांसाठी सांगते. मी टोरोंटोत एका शाळेच्या विशेष वर्गात मदतनीस आहे. आमच्या मुलांना एकेक नाही, दोन-तीन अडचणी असतात. सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय ताब्यात नाहीत, वर दृष्टी अधू, कुणाला फिट्स. तोंडाने बोलणारं कुणीच नाही. तरी वर्गात गोंगाट असतो, आणि निम्मा यंत्रांचा.

त्यातलं सगळ्यात भारी यंत्र डोळ्यांवर चालतं. पडद्याखालून डोळ्यांवर अवरक्त प्रकाश पडतो, बुबुळावरची त्याची चमक कॅमेरा टिपतो, आणि मूल कुठल्या चित्राकडे बघतंय ते यंत्राला कळतं. नजर चित्रावर ठरलेला वेळ टिकली की यंत्र तो शब्द उच्चारतं. ऐकायला जादू वाटते. प्रत्यक्षात खिडकीतून ऊन आलं की ते गोंधळतं, मुलाची मान कलली की पुन्हा जुळवाजुळव, आणि मुलाने दमून नुसतं कुठेतरी बघितलं तरी ते "केळं, केळं, केळं" म्हणत बसतं. किंमत डोळे पांढरे करणारी. इथे ओंटारिओ प्रांताचं सरकार अशा उपकरणांचा ७५ टक्के खर्च उचलतं, म्हणून साध्या घरातही ती दिसतात.

टोरोंटोचं या विषयाशी जुनं नातं आहे. चार्ल्स ब्लिस नावाच्या गृहस्थांनी जगातल्या सगळ्या माणसांना एकमेकांचं कळावं म्हणून चित्रखुणांची एक लिपी रचली आणि १९४९ मध्ये पुस्तक काढलं. जगाने ढुंकून पाहिलं नाही. १९७१ मध्ये इथल्या अपंग मुलांच्या एका केंद्रातल्या शिक्षिकांना ते सापडलं, आणि न बोलणारी मुलं त्या खुणांवर बोट ठेवून, नाहीतर नजर लावून, वाक्यं जुळवू लागली. पुढे ब्लिससाहेबांचं आणि त्या केंद्राचं चांगलंच वाजलं. मुलं खुणा आपल्या सोयीने वापरतात, हे त्यांना खपेना. मला त्यात मुलांचाच विजय दिसतो.

तर, ठाण्यातली पाचपाखाडी, बहिणीचं घर. माझी भाची, घरातली छकुली, नऊ वर्षांची. सेरेब्रल पाल्सी आहे, शिवाय डोळे ठीक असूनही मेंदूला दिसलेलं नीट उलगडत नाही. अशा मुलांना एका वेळी एकच वस्तू, ठळक रंगाची, मागे काळं कापड धरून दाखवली तर बरी दिसते. डोळ्यांवर चालणारं यंत्र तिच्या उपयोगाचं नाही. पवईच्या आयआयटीने केलेलं 'जेलो' हे फुकट ॲप मराठीतही आहे आणि ज्यांची नजर आणि बोट चालतं त्यांनी ते जरूर बघावं, पण छकुलीला ती छोटी चित्रं दिसत नाहीत. म्हणून हे बटण. लाल, मोठं, कुठेही दाबलं तरी आत भरून ठेवलेला आवाज ऐकवणारं.

मी मोठ्या रुबाबात ते बाहेर काढलं. बहीण म्हणाली, "ताई, आधी आमचं बघ."

तिने एक पिशवी आणली. आत टॉवेलचा तुकडा, स्टीलचा चमचा आणि रिक्षाच्या सीटच्या रेक्झिनचा हिरवा तुकडा. टॉवेल हाताला लावला की अंघोळ, चमचा म्हणजे जेवण, रेक्झिन म्हणजे तलावपाळीला फेरी. चमच्याचं थेरपिस्टबाईंनी शिकवलं होतं, रेक्झिन बहिणीच्या डोक्यातून आलेलं. छकुलीचं बोलणंही ठरलेलं: डोळे वर म्हणजे हो, मान फिरवली म्हणजे नको, जिभेने 'टक्' केलं की आजीला बोलवा. पर्याय असले तर बहीण रोज त्याच क्रमाने विचारते, "पोहे? उपमा?" आणि मनात दहा मोजते. घाई करून पुन्हा विचारलं की पोरीचं उत्तर अर्ध्यावर मोडतं.

आमच्या वर्गात या सगळ्याला लांबलचक नावं आहेत. ठाण्यात एका शाळेने "बोलतच नाही तर शिकवणार काय?" म्हणून छकुलीला परत पाठवलं होतं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाची व्याख्या वाचा एकदा. त्यात खुणा आहेत, स्पर्श आहे, बोलण्याला पर्यायी सगळी साधनं आहेत.

एक अडचण मात्र खरी होती. हे सगळं बहिणीच्याच डोक्यात. मध्यंतरी ती दोन दिवस दवाखान्यात होती, तेव्हा 'टक् टक्' ऐकून भावजी पंखा बंद करत राहिले. म्हणून आधी एक वही केली, छकुलीच्याच तोंडची: 'मी डोळे वर केले म्हणजे हो. मला उत्तराला वेळ लागतो, थांबा.' फोटोंसकट. वही तिच्या खुर्चीला लटकते.

मग बटण. हाताने दाबायला गेली की सगळं अंग ताठ व्हायचं. गुडघा बघितला, तोही नाही. शेवटी तक्क्याला वेल्क्रोने बांधून उजव्या गालाजवळ ठेवलं, तिथे जमलं. पण माझा आवाज आला की ती मान फिरवायची. चूक माझीच. नऊ वर्षांच्या मुलीला पंचेचाळिशीच्या मावशीचा आवाज कशाला हवा? शेजारच्या तिच्याएवढ्या मुलीला आवाज भरायला बोलावलं.

आता भरायचं काय? मोठ्यांची यादी: पाणी, शू, भूक. यातलं काहीही तिला आधीच सांगता येत होतं! तिचा दादा म्हणाला, "पुरे! असं भर ना. ते तिला कधीच म्हणता येत नाही." खरंच, मान फिरवलेली बघायला समोरच्याने तिच्याकडे बघत असावं लागतं.

रविवारी आमचे काका आले. तलावांचं जुनं ठाणं हा त्यांचा विषय, आणि तो सुरू झाला की कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. दुसऱ्या शिट्टीला तक्क्याकडून खणखणीत आवाज आला, "पुरे!"

काका थबकले. "अगं, शेवट तर ऐक."

"पुरे!"

काकांनी चष्मा काढला, पुसला. भावजी बटण काढून घ्यायला उठले, तर काकाच म्हणाले, "राहू दे रे. बरोबर बोलली ती." आणि बहिणीला पिशवीतलं रेक्झिन कुठलं ते विचारून छकुलीच्या हाताला लावलं.

बटण तिथेच ठेवून आले. काल व्हिडिओ कॉलवर मी बहिणीला इथल्या बर्फाचं रसभरीत वर्णन ऐकवत होते. फावडं, मीठ, घसरलेली बस. अर्ध्या मिनिटात पलीकडून आलंच, शेजारणीच्या पोरीच्या आवाजात.