अपडेटनंतर अ‍ॅप बंद पडतंय? ‘क्लिअर डेटा’ला इतक्यात हात लावू नका

अपडेट झालं आणि अ‍ॅप उघडताच बंद पडू लागलं, की बरेच जण घाईघाईने ‘क्लिअर डेटा’ दाबून मोकळे होतात. खरं नुकसान तिथे होतं. अँड्रॉइडमध्ये हे बटण ‘क्लिअर कॅशे’च्या शेजारीच असतं, काही फोनवर त्याला ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणतात. कॅशे म्हणजे तात्पुरत्या फाइली. त्या पुसल्या तर अ‍ॅप लागतील तशा पुन्हा तयार करतं. डेटा पुसला की मात्र अ‍ॅप कोरं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे शेवटच्या बॅकअपनंतरचे मेसेज जातात. यूपीआय अ‍ॅपमध्ये नंबरची पडताळणी पुन्हा करावी लागते आणि त्यासाठी एसएमएस तुमच्याच फोनमधून जातो. बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्या फोनमध्ये नसेल किंवा रिचार्ज संपला असेल, तर गाडी तिथेच अडते. आईवडिलांच्या फोनवर हे नेहमी होतं, म्हणून आधी सिम तपासा.

क्रम असा ठेवा: आधी ‘फोर्स स्टॉप’ (सेटिंग्जमधल्या अ‍ॅपच्या पानावरून ते पूर्ण बंद करणं), मग फोन रीस्टार्ट, मग कॅशे. तरी जमलं नाही तर मोकळी जागा बघा, ती १ जीबीपेक्षा कमी नको. नवी आवृत्ती उतरत असताना जुनीही फोनमध्ये असतेच, त्यामुळे ६० एमबीच्या अपडेटला ६० एमबी पुरत नाहीत.

एकाच वेळी तीन-चार अ‍ॅप्स कोसळू लागली तर दोष बहुधा त्या अ‍ॅप्सचा नसतो. मार्च २०२१मध्ये जगभर जीमेलसकट अनेक अ‍ॅप्स धडाधड बंद पडली, त्याचं मूळ ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’मध्ये होतं. अ‍ॅपच्या आत वेबपानं दाखवण्याचं काम हा घटक करतो. अशा वेळी प्ले स्टोअरमध्ये त्याचं आणि क्रोमचं नवं अपडेट आलंय का ते आधी बघा. आलं नसेल तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत वेबव्ह्यू उघडा आणि वरच्या तीन टिंबांतून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करा. दुरुस्त आवृत्ती आली की लगेच टाका, कारण सुरक्षेची भोकं बुजवणारी दुरुस्तीही याच अपडेट्समधून येते.

म्हणूनच ऑटो-अपडेट सरसकट बंद करणं मला पटत नाही. बँक, यूपीआय, ब्राउझर यांचं ऑटो-अपडेट चालू राहू द्या. फोटो एडिटर किंवा खरेदीचं अ‍ॅप असेल तर प्ले स्टोअरवर त्याच्या पानावरच्या तीन टिंबांत ‘एनेबल ऑटो अपडेट’ची खूण काढा आणि चार दिवस थांबा. बरेच डेव्हलपर नवी आवृत्ती आधी थोड्या लोकांना देतात, गडबड दिसली तर वितरण थांबवतात.

जुनी आवृत्ती परत हवी म्हणून कुठून तरी एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल, उतरवू नका. नव्यावर जुनी चढवायला अँड्रॉइड नकार देतं, आणि त्यासाठी फोनमधलं अ‍ॅप काढून टाकलं तर डेटा गेलाच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘बँकेचं अपडेट’ नावाची एपीके तर उघडूही नका. बँकेचं अपडेट प्ले स्टोअरमधूनच घ्यायचं.