तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे मोजायला तयार असूनही मॅच का दिसत नाही?

पुण्यातल्या नातेवाइकांपासून इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मंडळींपर्यंत सगळे मला एकच विचारतात. "अमेरिकेत राहता, टीव्हीवर शेकडो चॅनेलं, पैसे भरायची तयारी, मग तुमच्या त्या बेसबॉलची एक मॅच बघायला एवढी यातायात कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र 2007 सालापासून सुरू करावं लागतं आणि तिथवर पोचेपर्यंत विचारणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मी शिकलो बॉस्टनला, तिथल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचं खूळ तेव्हाच डोक्यात शिरलं. नोकरी लागली ती शिकागोच्या उपनगरात. आता मेजर लीग बेसबॉलमध्ये संघ 30 आणि प्रत्येकाचे सीझनमध्ये 162 सामने. एवढे सामने देशभर कोण दाखवणार? त्यामुळे थोडे निवडक सामने राष्ट्रीय चॅनेलांवर जातात आणि बाकीचे प्रत्येक संघ आपापल्या टापूतल्या स्पोर्ट्स चॅनेलला विकतो. रेड सॉक्सचं चॅनेल नेसन, तेही बहुतांशी संघाच्याच मालकीचं. न्यूयॉर्कच्या यांकीजचं येस. शिकागोत बसून नेसन लागत नाही. ज्यांचं मन एका गावात आणि घर दुसऱ्या गावात, अशा माणसांसाठी लीगने 1996 मध्ये 'एक्स्ट्रा इनिंग्ज' नावाचं पॅकेज काढलं. निरनिराळ्या टापूंमधली प्रक्षेपणं गोळा करायची आणि त्या त्या टापूबाहेरच्या लोकांना विकायची. सुरुवात डायरेक्टीव्हीच्या उपग्रह सेवेवर झाली, पुढे ते केबलवर आणि डिश नेटवर्क या दुसऱ्या उपग्रह सेवेवरही मिळू लागलं. स्वस्त नव्हतंच. पण रोज संध्याकाळी मॅच लागायची, तक्रार नव्हती.

2007 च्या जानेवारीत बातमी आली की हे पॅकेज यापुढे फक्त डायरेक्टीव्हीला मिळणार. 7 वर्षं, 70 कोटी डॉलर. आकडा कानाला मोठा लागतो, पण हिशेब करून बघा. वर्षाला 10 कोटी, ते 30 संघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 33 लाख डॉलर. तेव्हा एका खेळाडूचा सरासरी वार्षिक पगार याच्या थोडासाच खाली होता. म्हणजे संघाला अख्ख्या वर्षात एका खेळाडूचा पगार सुटणार, आणि तेवढ्यासाठी केबलवरचे निष्ठावंत प्रेक्षक वाऱ्यावर सोडायचे? हे गणित मला तेव्हाच पटलं नव्हतं. यात आणखी काहीतरी असणार, असं वाटत होतं. होतंच. त्याकडे येतो.

डायरेक्टीव्हीचा हेतू मात्र सरळ होता. अमेरिकन फुटबॉलचं 'संडे तिकीट' 1994 पासून एकट्या त्यांच्याकडे होतं आणि त्या एका पॅकेजपायी कितीतरी घरांनी केबल तोडून छतावर तबकडी बसवली होती. तोच डाव त्यांना बेसबॉलवर खेळायचा होता. फरक एवढाच की फुटबॉल रविवारी दुपारी बघतात, वेळ पडली तर मित्राच्या घरी किंवा बारमध्ये जाऊनही. बेसबॉल एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज असतं. मित्र कितीही जिवाभावाचा असला तरी त्याच्या सोफ्यावर सहा महिने रोज जाऊन बसता येत नाही.

"मग डायरेक्टीव्ही घ्यायचं होतं, काय बिघडलं?" हा ठरलेला पुढचा प्रश्न. उपग्रह असतात विषुववृत्तावर. अमेरिकेतून त्यांच्याकडे तबकडी रोखायची तर दक्षिणेचं आकाश मोकळं दिसायला हवं. माझ्या भाड्याच्या फ्लॅटची बाल्कनी उत्तरेला. भाडेकरूने स्वतःच्या बाल्कनीत एक मीटरपर्यंतची तबकडी लावली तर घरमालकाला अडवता येत नाही, असा इथल्या दूरसंचार आयोगाचा नियम 1999 पासूनच लागू होता. नियम चांगला आहे, पण त्याने बाल्कनीची दिशा बदलत नाही. इमारतीचं सामाईक छतही त्यात येत नाही. आणि आपली बरीच मराठी घरं? त्यांनी देशी चॅनेलांसाठी आधीच डिश नेटवर्क घेतलेलं. सासूबाई येणार असताना मालिका बंद करून बेसबॉल आणायचं धाडस कोण करतो!

आता गंमत पाहा. ही बातमी छापून आली 20 जानेवारी 2007 ला. दुसऱ्याच दिवशी नागपूरला भारत-वेस्ट इंडीज वन-डे होती. गांगुलीचं पुनरागमन आणि त्याच्या 98 धावा, चंदरपॉलच्या नाबाद 149, आणि आपण 14 धावांनी जिंकलो. ती मॅच दूरदर्शनवर थेट दिसलीच नाही. क्रिकेट बोर्डाचे हक्क निंबसने आदल्या वर्षी 4 वर्षांसाठी सुमारे 61 कोटी डॉलरला घेतले होते, त्यांच्या निओ स्पोर्ट्स वाहिनीचं आणि प्रसार भारतीचं जुळलं नव्हतं. ज्यांच्याकडे फक्त अँटेना, ते बसले स्कोअर विचारत. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी उजाडताच सरकारने वटहुकूम काढला, त्याचा पुढे कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यायचंच. जाहिरातीच्या उत्पन्नात हक्कदाराला किमान 75 टक्के.

अमेरिकेत असं काही होणं शक्य नव्हतं. इथे क्रिकेटसारखा एकच राष्ट्रीय संघ नाही, सरकारी चॅनेल नाही, आणि बेसबॉलला तर मक्तेदारीविरोधी कायद्यातून सर्वोच्च न्यायालयाने 1922 मध्येच बरीच मोकळीक देऊन ठेवली आहे. तरी आरडाओरडा झाला. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉन केरी, स्वतः रेड सॉक्सवाले, त्यांनी दूरसंचार आयोगाकडे विचारणा केली आणि 27 मार्चला सिनेटच्या समितीसमोर सुनावणी लावली. लीगच्या अध्यक्षांना उत्तरं द्यावी लागली. आम्ही अर्थात खूष. पण सुनावणीने सौदा फिरला असं मला वाटत नाही.

फिरला तो दुसऱ्याच कारणाने, आणि मघाशी न जुळलेलं गणित इथे जुळतं. लीगला स्वतःचं चोवीस तासांचं चॅनेल काढायचं होतं. चॅनेल काढणं सोपं, ते लोकांच्या घरात पोचवणं अवघड. केबल कंपनीने ते महागड्या स्पोर्ट्स पॅकेजात टाकलं तर मोजके लोक घेणार, मूळ पॅकेजात टाकलं तर कोट्यवधी घरांत आपसूक जाणार आणि दर घरामागे दरमहा पैसे येणार. 8 मार्चला डायरेक्टीव्हीबरोबरचा करार जाहीर करताना लीगने पुस्ती जोडली की केबलवाले आणि डिश यांनीही महिनाअखेरपर्यंत तेवढीच बोली लावावी, तेच पॅकेज त्यांनाही मिळेल. मात्र आमचं चॅनेलही तसंच घ्यावं लागेल. केबल कंपन्यांच्या वतीने इन डिमांडने पॅकेजची रक्कम मान्य केली, चॅनेलच्या अटीवर गाडी अडली. मुदत संपली, 1 एप्रिलला सीझन सुरू झाला, आणि 4 एप्रिलला समेट जाहीर झाला. केबलवर पॅकेज राहिलं, चॅनेलला हवी ती जागा मिळाली, आणि केबल कंपन्यांना त्या चॅनेलमध्ये डायरेक्टीव्हीप्रमाणेच मालकीचा वाटाही मिळाला. 1 जानेवारी 2009 ला लीगचं हे चॅनेल, एमएलबी नेटवर्क, सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी ते जवळपास 5 कोटी घरांत पोचत होतं. त्यापुढे वर्षाचे 10 कोटी म्हणजे चिल्लर.

थोडक्यात, आम्ही बाहेरगावचे प्रेक्षक या सौद्यात प्यादी होतो. संख्येने कमी, पण हट्टी. आमच्यापैकी कुणी कंपनी बदलेल एवढी भीती केबलवाल्यांना दाखवता आली, की लीगचं काम झालं. मला त्यात लीगचा रागही येत नाही, डाव चलाख होता. राग येतो तो "चाहत्यांच्या सोयीसाठी" या भाषेचा. डिश नेटवर्कशी मात्र जमलं नाहीच, त्यांच्याकडून पॅकेज गेलं. आपली मालिकावाली घरं मुकली ती मुकलीच.

समेटाच्या दुसऱ्या दिवशी, 5 एप्रिलला, जपानहून आलेला पिचर, म्हणजे गोलंदाज, दाइसुके मात्सुझाका याचा रेड सॉक्सकडून पहिला सामना होता, कॅन्सस सिटीत. नुसतं त्याच्याशी बोलण्याच्या हक्कासाठी त्याच्या जपानी क्लबला 5 कोटी 11 लाख डॉलर मोजलेले. त्याने 7 इनिंग्जमध्ये 10 जणांना 'स्ट्राइकआउट'ने बाद केलं. मी घरी, केबलवर, पाहिलं.

यानंतरचं भरभर सांगतो. लीगची इंटरनेटवरची सेवा एमएलबी.टीव्ही 2002 पासून होतीच, पण 2007 मध्ये ती कॉम्प्युटरच्या छोट्या चौकटीत अडखळत चालायची. पुढे तीच मुख्य झाली आणि तबकडी कुठल्या दिशेला हा प्रश्नच उरला नाही. प्रेक्षकांनी मक्तेदारीविरोधात भरलेला एक खटला 2016 च्या जानेवारीत तडजोडीने मिटला, तेव्हा कुठे एकाच संघाचं स्वस्त पॅकेज 84.99 डॉलरला मिळू लागलं. रेड सॉक्ससाठी उरलेल्या 29 संघांचेही पैसे मी इतकी वर्षं का भरत होतो, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही. फुटबॉलचं 'संडे तिकीट' 2023 मध्ये यूट्यूबकडे गेलं. त्याच पॅकेजवरून भरलेल्या मक्तेदारीविरोधी खटल्यात 2024 मध्ये ज्युरीने फुटबॉलच्या लीगला 4.7 अब्ज डॉलरचा दणका दिला आणि काही आठवड्यांत न्यायाधीशांनी तो रद्द केला.

टापूंचे नकाशे मात्र अजून गळ्यात आहेत. आयोवा राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही, तरी शिकागोचे दोन, सेंट लुइस, कॅन्सस सिटी, मिनेसोटा आणि मिलवॉकी असे सहा संघ आयोवाला आपला टापू मानतात. म्हणजे डे मॉइनमधल्या माणसाने बाहेरगावच्या मॅचेसचं पॅकेज घेतलं, तर ज्या संघांवर त्याचा जीव असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, नेमके तेच त्यात थेट दिसत नाहीत. लास वेगासलाही अशीच सहा संघांची बंदी सोसावी लागली. तेव्हा मंडळातल्या ज्या काकांनी गेल्या आठवड्यात विचारलं की लेकीसाठी हे पॅकेज घेऊ का, त्यांना माझं सांगणं एवढंच: काका, आधी लीगच्या साइटवर तिच्या घराचा झिप कोड टाका. कुठले संघ बंद ते तिथे लगेच दिसतं. तिचा संघ त्या यादीत असेल, तर पैसे भरू नका.