नखाला ट्यूब मागणाऱ्यांसाठी

पाऊस लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर चप्पल काढून पाय दाखवणारी माणसं वाढतात. लावणीच्या दिवसांत चिखल्या ठरलेल्याच. बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, भिजून सुटते. त्यावर मलम चालतं. पण त्याच पायाच्या अंगठ्याचं नख पिवळट, जाड, टोकाशी भुसभुशीत झालेलं असतं आणि भाऊ म्हणतात, "हीच ट्यूब नखालाही चोळतो." तिथे मी त्यांना अडवते. बुरशी बसलेली असते नखाच्या खाली, आणि नखातून मलम खाली पोचत नाही. बरं, त्यांना हवी असते ती तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब! तिच्यातल्या स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र वाढत राहते. जांघेतलं गजकर्ण पुन्हा पुन्हा उठणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या पायाची नखं बघावीत. कित्येकदा बुरशी तिथेच दबा धरून असते.

आमचं दुकान रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदरापासून जवळ. त्यामुळे हाताची नखंही बघायला मिळतात. दिवसभर बर्फ-पाण्यात हात घालून कोळंबी सोलणाऱ्या मावशींच्या नखाच्या मुळाशी सूज येते, तिथली पातळ कातडी निघून जाते आणि नख कडेने वेडंवाकडं होतं. इथे बहुधा कॅन्डिडा नावाची बुरशी असते. हात कोरडे राहिले नाहीत तर औषधाचा उपयोग थोडाच. रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घाला, असं मी सांगते. त्या हसतात. मोजे घालून कोळंबी सोलता येत नाही, हे मलाही कळतं. निदान घरची भांडी घासताना तरी घालावेत.

जाड झालेलं प्रत्येक नख बुरशीचंच असतं असंही नाही. सोरायसिसमध्ये नखावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, घट्ट बुटानेही नख जाड होतं. म्हणून आधी तपासणी. नखाचा तुकडा आणि खालचा भुसा घेऊन केओएच हे नख विरघळवणारं द्रावण लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही मिनिटांचं काम. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला, मात्र तीन-चार आठवडे लागतात. नखात काळी-तपकिरी उभी रेघ नव्याने आली असेल आणि रुंद होत असेल, तर मेडिकलमध्ये येऊच नका, सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. क्वचित तो कर्करोग असतो.

थोडंच टोक बिघडलं असेल तर अमोरोल्फिन या बुरशीनाशकाचं ५ टक्क्यांचं लॅकर (नेलपॉलिशसारखं लावायचं औषध) आठवड्यातून एक-दोनदा लावतात. नख मुळापर्यंत गेलं असेल तर पोटातून गोळ्या लागतात: टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, हातासाठी सहा आठवडे, पायासाठी बारा. त्याआधी यकृताची रक्ततपासणी करतात. इट्राकोनाझोल हा दुसरा पर्याय, पण हृदय कमकुवत असलेल्यांना तो चालत नाही. चिठ्ठीशिवाय यातलं काही मागू नका, मी देणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. बारा आठवड्यांचा कोर्स संपतो, नख तसंच पिवळं दिसतं, आणि माणूस चिडून येतो की औषध बोगस निघालं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं अख्खं नख बदलायला वर्ष-दीड वर्ष जातं. गोळ्या संपल्यावरही औषध नखात बरेच दिवस टिकून राहतं, तोवर खालून नवं नख येत असतं. निम्म्यावर गोळ्या सोडणारे बहुतेक लोक हे कुणी न सांगितल्यामुळेच सोडतात.

म्हणून मी एक खूण करायला सांगते. चांगलं नख जिथे संपतं त्या रेषेवर कानशीने बारीक ओरखडा काढायचा. मधुमेह असेल तर कानस नको, फोटो काढून ठेवायचा. मधुमेह असलेल्यांनी घरी ब्लेडने नख कोरण्याच्या भानगडीतही पडू नये. महिनाभराने बघा. ओरखडा टोकाकडे सरकला आणि त्याच्या मागचं नख गुलाबी असेल, तर औषध लागू पडतंय. ओरखडा ओलांडून पिवळेपणा मुळाकडे शिरला असेल, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.