तान्ह्या पोळ्यासाठी यंत्रनंदी

आमच्या रोबोटिक्स चमूने तान्ह्या पोळ्यात, म्हणजे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या मुलांच्या पोळ्यात, मिरवायचा नंदी कसा असावा, यावर आज मुलांसोबत दुपारभर खल झाला. स्पर्धेतल्या रोबोटला गुण मिळवायचे असतात. गर्दीपुढच्या रोबोटला मात्र दुरूनही कळेल असे काहीतरी, तेही वारंवार, करून दाखवावे लागते. म्हणून रेषेवरून चालणारी गाडी आम्ही बाद केली, कारण भर उन्हात रेषा ओळखणारे इन्फ्रारेड सेन्सर फसतात आणि मागच्या रांगेतल्या माणसाला जमिनीवरची रेषा दिसतही नाही. त्याऐवजी लाकडी नंदी मान हलवेल, समोर हात धरताच थांबेल आणि पाठीवरच्या, परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन चाकांमधून स्पंजचे चेंडू उडवेल, असे ठरले. हात ओळखायला साधा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखणारा) सेन्सर पुरतो. तो सुमारे २ ते ४०० सेंटिमीटर अंतर मोजतो. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत अरुंद चाके रुततात, तेव्हा रुंद चाके हवीतच. नंदीची दोरीही राहील. दोरीशिवाय नंदी मला पटेना.

सर्वाधिक वेळ सुरक्षिततेवर गेला आणि तो जायलाच हवा होता. शेपटीजवळचे लाल बटण प्रोग्रामवर विसंबून न राहता मोटरांचा वीजपुरवठाच तोडेल, आणि चेंडू मुलांच्या चेहऱ्यांच्या दिशेने न जाता उंच उडतील. झूल शिवण्याचे काम मुलींआधी दोन मुलांनीच मागून घेतले. मोटर कोणती घ्यायची, हे मात्र नंदीचे वजन केल्यावरच ठरवू.